उघड्या पूलमधलं क्लोरीन दुपारपर्यंत उडतंय. स्टॅबिलायझर घालावं की टीसीसीएच्या गोळ्या?

पोडियमपूल_पुणे

सोसायटीचा पूल पोडियमवर आहे आणि पूर्ण उघडा आहे. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्यावर कुठलीच सावली पडत नाही. सगळी माहिती एकत्र देतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

पूल १५ मीटर × ६ मीटर, खोली १.२ ते १.४५ मीटर, पाणी साधारण १,२०,००० लिटर. ओव्हरफ्लो गटर, बॅलन्सिंग टँक (गटरचं पाणी जमा होतं ती टाकी) आणि सँड फिल्टर आहे. पंप सकाळी ५ ते ११ आणि दुपारी ३ ते ९ चालतो. पोहण्याच्या वेळा सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ९. क्लोरीनसाठी फक्त द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरतो, लेबलवर १० टक्के लिहिलंय. रात्री सव्वानऊला ऑपरेटर ५ लिटर बादलीत पातळ करून कडेकडेने ओततो.

डीपीडी किटचे (क्लोरीन असेल तर नमुना गुलाबी होतो) मेमधले आकडे रोज जवळपास सारखेच येतात. सकाळी ७ ला फ्री (मुक्त) क्लोरीन ३.४ पीपीएम (लिटरला ३.४ मिलिग्रॅम), दुपारी १२ ला ०.४, चारला ०.१ किंवा त्याहून कमी. पीएच ७.८, क्षारता ११०. पाणी स्वच्छ आहे, तळाच्या फरशांचे सांधे स्पष्ट दिसतात. शेवाळ नाही.

मेंटेनन्सवाले म्हणतात, हायपो बंद करा आणि २०० ग्रॅमच्या तीन टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) गोळ्या रोज फ्लोटरमध्ये (तरंगत्या डब्यात) टाका, त्या उन्हाला टिकतात. समितीतल्या एकांचं म्हणणं आहे की नुसतं सायन्युरिक ॲसिड (म्हणजेच स्टॅबिलायझर) घाला आणि हायपोच चालू ठेवा. तिसरा सल्ला, दुपारी आणखी ५ लिटर हायपो ओता.

यातलं बरोबर कोणतं, आणि किती प्रमाणात?

---

आम्ल_क्षार

तुमच्या आकड्यांतच निम्मं निदान झालेलं आहे.

५ लिटर १० टक्के हायपोत साधारण ५०० ग्रॅम क्लोरीन असतं. १२० घनमीटर पाण्यात ते ४.२ पीपीएमची वाढ देतं. रात्री जवळपास शून्यावरून ४.२, सकाळी ७ ला ३.४. म्हणजे रात्रभरात घट १ पीपीएमच्या आत. पाण्यात शेवाळ, घाम, सनस्क्रीन अशी क्लोरीन खाणारी घाण जास्त असती तर रात्रीही मोठी घट दिसली असती. सात ते बारा या पाच तासांत मात्र ३.४ चं ०.४ होतंय. पोहणाऱ्यांमुळे त्यातलं थोडं जात असेल, बाकी सगळं ऊन नेतंय.

तरी खात्री करायची असेल तर एक साधी चाचणी आहे. पूलचंच पाणी दोन पांढऱ्या बादल्यांत घ्या, एकीवर काळं झाकण ठेवा, दोन्ही अकरा वाजता उन्हात ठेवा आणि दोन तासांनी डीपीडीने मोजा. उघड्या बादलीतलं क्लोरीन घसरलं आणि झाकलेलीतलं टिकलं तर कारण ऊनच. दोन्हीत घसरलं तर पाण्यातली घाण शोधायला लागा, स्टॅबिलायझरने काही होणार नाही.

आता असं का होतं ते. पाण्यातलं मुक्त क्लोरीन दोन रूपांत असतं, हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जंतू मारण्याचं काम मुख्यतः पहिलं करतं. उन्हातले अतिनील किरण दोन्ही मोडतात, पण हायपोक्लोराइट जास्त वेगाने मोडतो. तो २९२ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो आणि जमिनीवर पोचणारे अतिनील किरण साधारण तिथूनच सुरू होतात. हायपोक्लोरस आम्लाचं शोषण २३५ च्या आसपास आहे. ते किरण ओझोनच्या थरातच अडतात. मोडल्यावर उरतं साधं क्लोराइड, म्हणजे मिठातलं. त्याचा जंतुनाशक म्हणून काही उपयोग नाही.

म्हणून तुमचा पीएच ७.८ इथे तोट्याचा आहे. ७.५ ला दोन्ही रूपं जवळपास निम्मी-निम्मी असतात, ७.२ ला हायपोक्लोरस आम्ल दोन तृतीयांश, आणि ८ ला ते जेमतेम पाव उरतं. पीएच वाढला की औषध कमजोरही होतं आणि उन्हात उडतंही लवकर. आधी पीएच ७.३ ते ७.५ वर आणा.

स्टॅबिलायझर नसलेल्या उथळ पाण्यात भर दुपारी क्लोरीन निम्मं व्हायला ३५ ते ४५ मिनिटं पुरतात. तुमच्या पूलमध्ये सकाळचं तिरपं ऊन धरून हा वेळ दीड तासाच्या थोडा वर येतोय, कारण खालच्या थरापर्यंत अतिनील किरण कमी पोचतात. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस येतो. सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा वर्षातली सगळ्यात वाईट अवस्था तुम्ही मोजताय.

सायन्युरिक ॲसिड काय करतं? क्लोरीनला धरून ठेवतं. धरलेलं क्लोरीन उन्हात फार हळू मोडतं. ३० पीपीएम सायन्युरिक आणि ३ पीपीएम क्लोरीन असलेल्या पाण्यात ९० टक्क्यांहून जास्त क्लोरीन असं बांधलेलं असतं. मोकळं क्लोरीन खर्च झालं की बांधलेल्यातून लगेच सुटतं. डीपीडी किट हे बांधलेलं क्लोरीनही ‘फ्री’ म्हणूनच दाखवतं, कारण चाचणीच्या दरम्यान ते सुटत जातं. त्यामुळे किटवरचा ३ हा आकडा स्टॅबिलायझरवाल्या आणि बिनस्टॅबिलायझरच्या पूलमध्ये एकाच ताकदीचा नसतो. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

व्यवहारातला नियम: फ्री क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के हवं. ३० ला किमान २.२५, ५० ला पावणेचार, १०० ला साडेसात. ३० पर्यंत फायदा झपाट्याने वाढतो, ५० नंतर फायदा थोडा आणि अडचण जास्त.

आता गोळ्या. टीसीसीए म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक एकाच गोळीत. वजनाच्या ५५ टक्के सायन्युरिकच असतं. रोज ६०० ग्रॅम म्हणजे तुमच्या पाण्यात रोज ४.५ पीपीएम क्लोरीन आणि २.८ पीपीएम सायन्युरिक. क्लोरीन खर्च होतं, सायन्युरिक होत नाही. महिन्याला ८० पीपीएमच्या वर! पहिले दहा-पंधरा दिवस पूल सुंदर चालेल आणि मेंटेनन्सवाल्यांचा सल्ला अचूक वाटेल. दुसऱ्या महिन्यात किट ३ पीपीएम दाखवत असताना पाणी हिरवं पडायला लागेल.

माझं मत: सायन्युरिक एकदाच, वजन करून ३० पीपीएमपर्यंत घाला आणि क्लोरीन हायपोनेच द्या.

---

फिल्टररूम

वरच्या उत्तराशी सहमत. प्रत्यक्ष कसं करायचं ते लिहितो, कारण घोळ तिथे होतो.

आधी मोजा. ‘आम्ही कधीच घातलं नाही’ यावर विसंबू नका. आधीच्या कंत्राटदाराने शॉक ट्रीटमेंट (एकदम जास्त क्लोरीन) म्हणून एसडीआयसी पावडर (सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट) टाकली असेल तर सायन्युरिक आलेलंच आहे. १ पीपीएम क्लोरीनमागे ती ०.९ पीपीएम सायन्युरिक सोडते, टीसीसीएपेक्षाही जास्त. मेलामाइनवाली चाचणी घ्या (सायन्युरिक जितकं जास्त तितकं पाणी गढूळ होतं), पट्ट्यांवर भरवसा नको. पाणी कोपरभर खोलीवरून, इनलेटपासून (फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं तिथून) लांब घ्या. पाणी आणि द्रावण समसमान मिसळून अर्धा मिनिट हलवा, एक-दोन मिनिटं थांबा, मग तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओता. उन्हाकडे पाठ करून, नळी स्वतःच्या सावलीत कमरेपाशी धरा आणि वरून बघा. ठिपका दिसेनासा झाला तिथला आकडा वाचा. टक लावून बघू नका, डोळा ठिपका शोधतच राहतो. नळी पूर्ण भरली तरी ठिपका दिसतोय, तर सायन्युरिक नळीवरच्या सर्वात छोट्या आकड्याखाली आहे, म्हणजे तुमच्या हिशोबाला शून्यच धरा.

मेमध्ये एक जास्तीची काळजी. पूलचं पाणी ३१-३२ अंशांवर असतं, आणि गरम नमुन्यात गढूळपणा कमी येतो, त्यामुळे आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी वाचला जातो. नमुना खोलीत ठेवून २४-२५ अंशांवर आला की चाचणी करा.

खरेदी. पिशवीवर ‘सायन्युरिक ॲसिड ९८ टक्के’ किंवा त्याहून वर असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘पूल स्टॅबिलायझर’ लिहिलेलं असेल तर उघडून वास बघा, पण नाक पिशवीत घालू नका, हाताने वारा घ्या. सायन्युरिकला वास नसतो. क्लोरीनचा उग्र वास आला तर ते टीसीसीए किंवा एसडीआयसी आहे, परत करा.

किती. १ घनमीटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. तुम्हाला ३० × १२० = ३.६ किलो. पहिल्यांदा अडीच किलोच घाला. जास्त झालेलं काढायला पाणी फेकण्याखेरीज सोपा उपाय नाही, आणि मेमध्ये पुण्यात ते पाणी टँकरचं असतं.

कसं. हे फार हळू विरघळतं. बादलीत ढवळून ओतलं तर तळाला बसतं, ऑपरेटर ब्रशने ढकलतो, व्हॅक्यूमने फिल्टरमध्ये जातं आणि पुढच्या बॅकवॉशला (फिल्टर उलट्या धारेने धुताना) गटारात. नायलॉनच्या मोज्यांत एक-एक किलो भरा, तोंड घट्ट बांधा आणि इनलेटच्या धारेसमोर दोरीने टांगा. मोजा फरशीला टेकू देऊ नका. तासा-दोन तासांनी हाताने चुरा, हातात रबरी मोजे घाला. लोक पोहत असताना टांगू नका, लहान मुलं हात लावतात. रात्री पंप चालू ठेवून दोन-तीन रात्रींत संपेल. त्यानंतर आठवडाभर बॅकवॉश टाळा, मग पुन्हा मोजा आणि कमी असेल तेवढीच भर घाला. सायन्युरिक स्वतः आम्लधर्मी आहे, त्यामुळे पीएचही थोडा उतरेल. म्हणून आधी ॲसिड ओतून पीएच ७.२ वर नेऊन बसू नका, मोजत मोजत जा.

क्षारतेच्या आकड्यातून सायन्युरिकचा साधारण एक तृतीयांश वजा करायचा. ३० पीपीएम असेल तर ११० क्षारतेतली खरी कार्बोनेट क्षारता १०० धरा.

तुमच्या वेळापत्रकातली चूक. पंप नऊला बंद होतो आणि हायपो सव्वानऊला पडतं. हायपो पाण्यापेक्षा जड असतं. पंप बंद असताना ओतलं की तळाशी थर करून राहतं, फरशीच्या सांध्यांतलं ग्राउट खातं, आणि पहाटे पाचला पंप सुरू झाल्यावर एकदम वर येतं. सहाला पहिली बॅच उतरते. पंप रात्री साडेदहापर्यंत चालवा आणि हायपो नऊला, सगळे बाहेर आल्यावर, इनलेटजवळ ओता. दुपारची विश्रांती वाढवून तेवढी वीज वाचवता येईल.

हायपोचे कॅन कुठे आहेत तेही बघा. फिल्टर रूम तापत असेल तर १० टक्के लिहिलेलं हायपो महिन्याभरात बरंच उतरलेलं असतं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका, अपारदर्शक कॅन घ्या, सावलीत ठेवा, झाकण हवा सोडणारं असू द्या. ॲसिडचे कॅन त्याच खोलीत शेजारी ठेवू नका. दोन्ही सांडून मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि ऑपरेटरला पळायलाही वेळ मिळत नाही.

दुपारी ५ लिटर ओतण्याबद्दल: बारा वाजता ओतलेलं चारपर्यंत बहुतेक उडालेलं असेल. पैसे उन्हात टाकणं आहे ते. स्टॅबिलायझर घालून होईपर्यंत संध्याकाळच्या बॅचआधी, तीनला पंप सुरू झाल्यावर दोन लिटर द्या आणि चारला मोजून १ च्या वर असेल तरच पूल उघडा. हे मात्र आजपासून करा. संध्याकाळच्या बॅचला लहान मुलं सगळ्यात जास्त असतात आणि आत्ता ती जवळपास क्लोरीन नसलेल्या पाण्यात पोहताहेत.

---

अलिबाग_बागायत

इथेच विचारतो, विषय तोच आहे. घरगुती पूल, ६०,००० लिटर, सरासरी खोली १.२ मीटर, काँक्रीटचा. दिवाळीपासून रोज २०० ग्रॅमची एक टीसीसीए गोळी फ्लोटरमध्ये. किटवर क्लोरीन ३ ते ४ असतं, तरी भिंती निसरड्या आणि पाण्याला हिरवट झाक. शॉक म्हणून दोनदा एसडीआयसी टाकली, चार दिवसांत परत हिरवं. मोरचूद टाकायला सांगतात. सायन्युरिकची नळी भरायला सुरुवात केली की ठिपका लगेच गायब होतो, १०० च्या वरच. पूल रिकामा करून घासून भरू का? पाऊस तोंडावर आहे.

---

फिल्टररूम

रिकामा अजिबात करू नका. पावसात तर नाहीच. किनाऱ्याजवळ पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी जवळ येतं. पूल भरलेला असतो तोवर आतल्या पाण्याचं वजन त्याला दाबून धरतं. रिकामा केला की खालचं पाणी अख्खी टाकी वर उचलतं, पाइप तुटतात, तळाला भेगा जातात. फायबरची टाकी तर सरळ वर येते. तळातला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (भूजलाचा दाब सोडणारी झडप) असेल तरी त्याच्या भरवशावर हे करू नका, वर्षानुवर्षं न उघडलेला तो अडकलेला असू शकतो.

पहिल्यांदा खरा आकडा काढा. एक भाग पूलचं पाणी आणि एक भाग नळाचं, एकत्र करून चाचणी घ्या आणि आलेला आकडा दुप्पट करा. तेही १०० च्या वर गेलं तर एकास तीन करून चौपट करा. रोज एक गोळी म्हणजे तुमच्या पाण्यात १.८५ पीपीएम सायन्युरिक रोज, महिन्याला ५५, त्यात एसडीआयसीची भर. दिवाळी ते जून हिशोब करा, बॅकवॉशमध्ये बरंच गेलं असं धरलं तरी १८० किंवा त्याहून जास्त निघालं तर नवल नाही.

१८० ला तुमचं किमान क्लोरीन साडेतेरा हवं. तुम्ही ३-४ वर चालवताय, म्हणून शेवाळ आरामात वाढतंय. वाढलेलं शेवाळ मारायला क्लोरीन सायन्युरिकच्या ४० टक्क्यांपर्यंत नेऊन तिथे धरून ठेवावं लागतं. १८० ला ते ७० च्या पुढे जातं, ते करणं शक्य नाही. तेच सायन्युरिक ३० वर असेल तर १२ पीपीएममध्ये काम होतं. एसडीआयसीने तात्पुरतं मरतं आणि सायन्युरिक आणखी वाढतं. मोरचूद नको. तांबं पाण्यात राहतं, पीएच चढला की भिंतीवर निळे-काळपट डाग बसतात, पिकलेले केस हिरवे होतात, आणि मूळ कारण तसंच उरतं.

---

आम्ल_क्षार

अलिबागचं काम पाऊस फुकटात करून देईल. हिशोब असा: पूलचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, खोली १.२ मीटर. पाणी ४० सेंटिमीटर उतरवलं की एक तृतीयांश गेलं, ते पावसाने भरलं की सायन्युरिक दोन तृतीयांशावर. १८० चं १२०, मग ८०, मग ५३, मग ३६. चार फेऱ्या. जुलैत कोकण किनाऱ्यावर ४०० मिलिमीटर पडायला फार दिवस लागत नाहीत. एका वेळी ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका, म्हणजे वर सांगितलेला उचलला जाण्याचा धोका बराच कमी होतो. शेजारच्या विहिरीतलं पाणी जमिनीलगत आलेलं दिसलं तर तेवढंही उतरवू नका, नुसतं ओसंडू द्या. तेही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. उपसलेलं पाणी नारळी-पोफळीच्या बागेत पसरून सोडा, विहिरीत, तळ्यात किंवा खाडीत नको.

गोळ्या आजच बंद करा आणि हायपोवर या. तुमच्या पूलला १ पीपीएम म्हणजे १० टक्केवालं ६०० मिलिलिटर. पावसाच्या पाण्याला क्षारता जवळपास नसते, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर क्षारता मोजा. ६० च्या खाली गेली तर खायचा सोडा घाला, एका किलोने तुमच्या पाण्यात साधारण १० पीपीएम वाढते.

पुण्याला हे गणित इतकं अनुकूल नाही. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. १.३ मीटर खोलीच्या पूलमध्ये तो सगळा ओसंडून गेला तरी सायन्युरिक निम्म्याच्या थोडं वरच राहतं. म्हणजे पुणे, नाशिक, संभाजीनगर अशा कमी पावसाच्या बाजूला चुकून वाढलेलं सायन्युरिक वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं, आणि कोकण-गोव्यात पावसाळ्यानंतर ते पुन्हा घालावं लागतं. बाष्पीभवनाने ते कमी होत नाही, फक्त पाणी उडतं.

एक धोक्याची सूचना दोघांनाही. गोळ्यांचा फ्लोटर, डबा किंवा मोजायचा चमचा कॅल्शियम हायपोक्लोराइटला कधीही वापरू नका. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो एकमेकांना लागले, त्यात थोडा ओलावा आला, की आग लागते, स्फोटही होतो. दोन्ही पांढरी असतात, आणि कामगार बदलला की सरमिसळ होतेच. एकाच आवारात दोन्ही ठेवूच नका.

---

सार्वजनिक_तलाव

सोसायटीच्या बाबतीत मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. घरगुती पूलमध्ये चार माणसं उतरतात. सोसायटीत उन्हाळी शिबिराला एका वेळी तीस-चाळीस मुलं. तिथे जंतू मारायचा वेग महत्त्वाचा, आणि सायन्युरिक नेमका तोच वेग कमी करतं. अमेरिकेच्या सीडीसीची (रोगनियंत्रण संस्थेची) शिफारस बघा: सायन्युरिक नसेल तर किमान १ पीपीएम फ्री क्लोरीन, असेल तर किमान २. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात सायन्युरिक १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर जाऊ नये असं आहे. ती कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत जायचं उद्दिष्ट नव्हे.

पूलमध्ये मुलाला जुलाब झाले तर काय, हाही प्रश्न आहे. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी (जुलाब करणारा, क्लोरीनला दाद न देणारा परजीवी) सीडीसीची पद्धत सायन्युरिक नसेल तर २० पीपीएम क्लोरीन १२.७५ तास अशी आहे; सायन्युरिक १५ पर्यंत असेल तर तेच २८ तास, आणि १५ च्या वर असेल तर आधी ते खाली आणावं लागतं. ३० असेल तर आधी निम्मं पाणी बदलावं लागेल. म्हणून मी पुण्याच्या पूलला २० ते ३० मध्येच थांबायला सांगेन, ५० चा विचारही नको.

आणि रसायनाआधी सावलीचा विचार करा. तुमचा पूल सकाळी १० ते दुपारी ४ बंदच असतो. सर्वात कडक ऊन याच सहा तासांत. अपारदर्शक कव्हर रोलरवर बसवून दहाला ओढलं तर क्लोरीनची घट जवळपास थांबते, बाष्पीभवन वाचतं, टँकरही वाचतो. फुग्याफुग्यांचं पारदर्शक सोलर कव्हर घेऊ नका. ते पाणी तापवण्यासाठी असतं आणि मेमध्ये पाणी ३५ वर नेऊन ठेवेल. वरून चंदेरी किंवा पांढरं, खालून गडद घ्या. दोन सुरक्षेच्या गोष्टी: कव्हर अर्धवट ओढलेलं कधीच ठेवायचं नाही, मूल खाली गेलं तर वरून दिसत नाही. आणि कव्हर असतानाही फाटकाला कुलूप हवंच. आठवड्यातून एक-दोनदा ते काढून पाण्याला मोकळी हवा द्या, नाहीतर क्लोरामाइन (घाम-लघवीशी क्लोरीन मिसळून बनणारी द्रव्यं) साठतात आणि डोळे चुरचुरतात.

शेडनेट हाही मार्ग आहे. ७५ टक्केवाली जाळी थेट ऊन बऱ्यापैकी अडवते, पण बाजूने येणारे विखुरलेले अतिनील किरण राहतात. पोडियमवर वारा जोरात असतो, त्यामुळे खांब आणि तारांचं काम स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवूनच करा.

ओआरपी कंट्रोलर (पाण्याची जंतुनाशक ताकद मिलिव्होल्टमध्ये मोजून आपोआप हायपो सोडणारं यंत्र) बसवायचा विचार असेल तर आधी ठरवा. सायन्युरिकमुळे ओआरपीचा आकडा उतरतो. शून्य सायन्युरिकवर ठरवलेला ७०० मिलिव्होल्टचा सेटिंग नंतर तसाच राहिला, तर कंट्रोलर तो गाठण्यासाठी हायपो ओततच राहतो. स्टॅबिलायझर घातल्यावर डीपीडीने क्लोरीन हवं तितकं करा आणि तेव्हा जो आकडा दिसेल तो सेट करा.

---

पोडियमपूल_पुणे

सगळ्यांचे आभार, ऑपरेटरला प्रिंट काढून दिलंय. नमुना गार करून मेलामाइन चाचणी केली, नळी काठोकाठ भरूनही ठिपका स्पष्ट दिसतो. कव्हरचं अंदाजपत्रक मागवलंय, पण तो खर्च सर्वसाधारण सभेतच मंजूर होईल. तोवर २५ पीपीएमपर्यंत सायन्युरिक घालायचं ठरतंय.

दोन शंका. मोजे इनलेटऐवजी बॅलन्सिंग टँकमध्ये टांगले तर चालतील का? तिथे मुलांचा हात पोचत नाही. आणि स्टॅबिलायझर झाल्यावर रोजचं हायपो किती धरायचं?

---

फिल्टररूम

टँकमध्ये टांगलेलं उत्तमच, पण गटरचं पाणी जिथे पडतं त्या धारेखाली. पंपाच्या सक्शनजवळ नको. मोजा ओढला गेला तर सक्शनच्या जाळीवर चिकटेल, फाटला तर सगळे दाणे फिल्टरच्या वाळूत. दोरी टँकच्या झाकणाच्या कडीला बांधा आणि टँकची पातळी खाली गेली तरी मोजा पाण्यातच राहील इतकी लांब ठेवा. चुरायला टँकमध्ये कुणी उतरू नये, दोरीने वर ओढून चुरा आणि परत सोडा.

२५ साठी ३ किलो. पहिला हप्ता दोन किलो.

हायपोचा रोजचा आकडा आधी ठरवून चालत नाही, तो मोजून काढायचा. रात्री नऊला, ओतण्याआधी, क्लोरीन मोजा. सकाळी ७ ला मोजा. दुसऱ्या रात्री नऊला पुन्हा मोजा. रात्रीच्या पातळीत ओतलेल्या हायपोचे पीपीएम मिळवा, त्यातून पुढच्या रात्रीची पातळी वजा केली की दिवसाची एकूण घट कळते. तुमच्या पूलला १ पीपीएम म्हणजे १.२ लिटर. २५ पीपीएमला मेमधली घट २ ते ३ पीपीएम निघेल असा माझा अंदाज, म्हणजे अडीच ते साडेतीन लिटर. लक्ष्य असं ठेवा की रात्री नऊला, दिवसभराच्या शेवटी, २ च्या खाली कधीच नसेल. सकाळी ४ ते ५ दिसेल, त्यात पोहायला हरकत नाही. संध्याकाळी २ च्या खाली गेलं तर रात्रीचा डोस अर्ध्या लिटरने वाढवा आणि दोन दिवस बघा, रोज उलटसुलट बदल करू नका.

डोस चुकत नसतानाही सकाळचा आकडा एकदम पडला तर आधी हायपोचा नवा कॅन तपासा. ऑपरेटरच्या वहीत कॅन उघडल्याची तारीख लिहायला लावा. किटमधलं डीपीडी द्रावणही बघा, पिवळट किंवा गुलाबी पडलं असेल तर फेकून द्या. आणि नळी गुलाबी होऊन लगेच पांढरी पडली, तर क्लोरीन शून्य नाही, १० च्या वर आहे. रंगच उडतो त्यात. अशा वेळी ऑपरेटर ‘काहीच नाही’ समजून आणखी ओततो. शंका आली की नमुना नळाच्या पाण्याने चौपट पातळ करून पुन्हा चाचणी घ्यायची.

सभेत कव्हर मंजूर झालं तर हे सगळे आकडे पुन्हा काढा. कव्हरखाली दिवसाची घट १ पीपीएमच्या आसपास येईल, आणि तेव्हा साडेतीन लिटरची जुनी सवय चालू राहिली तर सकाळच्या बॅचला ८-१० पीपीएममध्ये उतरावं लागेल.